मांजर आडवं नाही, मागच्या सीटवर

गाडी गल्लीतून बाहेर पडताना आमची आई अजूनही दोन्ही बाजूंना बघते. रहदारीसाठी नव्हे, मांजर आडवं जातंय का म्हणून. यंदा सिन्नरहून पुण्याला निघताना मात्र ती निर्धास्त होती. गल्लीत नेमाने आडवं जाणारं एकमेव मांजर, म्हणजे आमची मनी, मागच्या सीटवर बसून आम्हा सगळ्यांच्या नावाने बोंब मारत होती. तिच्या शेजारी वाघ्या. अस्सल गावठी, कान उभे, जीभ बाहेर, चेहऱ्यावर नवरदेवाचा थाट.

जुनी माणसं सांगतात, कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर वास्तूला. म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळे प्रवास चाललेले असतात. वाघ्याच्या लेखी घरची माणसं गाडीत आहेत, तर घर गाडीतच आहे. मनीच्या लेखी तिचं घर मागे सुटतंय आणि ही येडी माणसं हसतायत. तयारीही त्यामुळे दोन तऱ्हेची लागते. कुत्र्याची तयारी आदल्या दिवशी उरकते, मांजराची पंधरा दिवस आधी सुरू करावी लागते.

पोत्यातली सहल

आपल्याकडच्या मांजराला पूर्वी प्रवास घडायचा तो एकाच प्रकारचा. दुधावर डल्ला मारला की पोत्यात घालायचं, नदीपलीकडे सोडून यायचं. आणि सोडणारा घरी पोचून चहा घेतो न घेतो तोच मांजर ओट्यावर हजर. मांजरं परतीची वाट नेमकी कशी शोधतात याचा पुरता उलगडा झालेला नाही, पण सिन्नरच्या कुठल्याही आजीला विचारा, परत आलेल्या मांजराची एक तरी गोष्ट निघतेच.

तसं बघितलं तर मांजरीला फिरण्याचं वावडं नाही. पिलांना सात घरं फिरवल्याशिवाय त्यांचे डोळे उघडत नाहीत, असा समज आहे. डोळे उघडतात ते आठवड्या-दोन आठवड्यांत, घरं किती झाली याचा संबंध नाही. पण मांजरी जागा बदलते हे खरं, आणि मानगुटीला धरलं की पिलू पाय आखडून गप्प लटकतं हेही खरं. मोठेपणी ही सोय बंद होते. चार किलोच्या मनीला मानगुटीला धरून उचलू नका. तिलाही चालत नाही, आपल्या हातालाही नाही.

मग टोपली. बाजारात प्लॅस्टिकचे जाळीदार पिंजरे मिळतात, पण शेजारच्या अण्णांनी आपल्या पद्धतीने प्रश्न सोडवला. टोमॅटोची दोन कॅरेट आणली, एक सुलटं, त्यावर एक पालथं, चारी कोपऱ्यांना सुतळी. हवा खेळती, भिंती टणक, तळाला जुनी सोलापुरी चादर. "मंगळवारी माल न्यायचाय मार्केटला, तेवढी परत दे बरं का," म्हणाले.

इथे पंधरा दिवसांचा हिशेब येतो. खालचं कॅरेट घरात नुसतं उघडं ठेवायचं. त्यात रोजचं खाणं, त्यात झोप. मांजर ज्या कोपऱ्याला, चौकटीला, आपल्या पिंढरीला गाल घासतं, तिथे गालातल्या ग्रंथींचा वास सोडून ‘ही जागा आपली’ असा शिक्का मारत असतं. म्हणून स्वच्छ रुमाल तिच्या गालावरून फिरवायचा आणि तोच कॅरेटला आतून पुसायचा. तिच्याच सहीचा कागद तिला परत दाखवायचा, म्हणा ना. या वासाची कृत्रिम नक्कल करून फवारेही निघालेत. आमचा रुमाल फुकट होता.

आणि हो, नुकतीच धुतलेली चादर घालू नये. साबणाच्या वासाची चादर आपल्याला छान, मांजराला परकी.

धर्मराजापासून गॉगलपर्यंत

कुत्र्यासोबतच्या प्रवासाची आपल्याकडची जुनी गोष्ट महाभारताच्या शेवटी आहे. भाऊ गेले, द्रौपदी गेली, हिमालयाच्या वाटेवर धर्मराजासोबत उरलं ते कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला आणि कुत्र्याला जागा नाही म्हणाला. धर्मराजाने रथच नाकारला. हॉटेलवाला फोनवर "पेट्स अलाऊड नाहीत" म्हणाला की मला ही गोष्ट आठवते. फक्त इथे कुत्र्याचा यमधर्म झाला नाही, आम्हीच दुसरं हॉटेल शोधलं.

मोटारीतलं पहिलं नामांकित कुत्रं मात्र अमेरिकेतलं. 1903 साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क मोटार हाकली. तिकडे देश आडवा ओलांडणारी ती पहिली मोटार. 63 दिवस लागले. वाटेत आयडाहोमध्ये त्याने बड नावाचं बुलडॉग घेतलं. उघड्या गाडीत धुळीने कुत्र्याचे डोळे सुजायला लागले, तेव्हा त्यालाही ड्रायव्हरसारखा गॉगल चढवला. तो गॉगल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. उन्हाळ्यातली नांदूर शिंगोटेची धूळ ज्याने खाल्ली आहे त्याला या गॉगलची किंमत सांगायला नको. खिडकीतून डोकं काढलेलं कुत्रं फोटोत झकास दिसतं, डोळ्यात खडा गेला की दवाखान्यात दिसतं. काच चार बोटं उघडी ठेवली की नाकाला पुरते. आणि मागच्या खिडक्यांना लॉक लावा. बटणावर पंजा पडला की काच खाली येते, हे वाघ्याने पहिल्या दहा मिनिटांत सिद्ध केलं.

मोटारी यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या भागातून कुत्री शेकडो कोस चालत आलीत. दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात. घोड्याच्या पाठीवर बाजेसकट संसार, त्यावर कोंबड्या, कधी आठवड्याची कोकरं, कधी कुत्रीची पिल्लं. आणि मोठं कुत्रं कळपाच्या कडेने पायी, रात्रभर जागं. त्याला ना कॅरेट ना पट्टा. आपण ज्याला रोड ट्रिप म्हणतो ती धनगरवाड्यावर वर्षातली निम्मी पानं व्यापते.

आपल्या एका जातिवंत कुत्र्याच्या तर नावातच प्रवास आहे. लांब पायांचं, चपळ कारवान कुत्रं. तांड्यांसोबत, म्हणजे कारवाँसोबत आलं म्हणून कारवान, असं मानतात. त्याच घराण्यातला मुधोळ हाउंड 2005 साली टपाल तिकिटावर झळकला. म्हणजे पाकिटावर बसून पुन्हा प्रवासालाच.

जिल्ह्याची शान, वाघ्याचा काळ

आता शिदोरी. इथे नाशिक जिल्ह्याच्या माणसाला जरा अपमान गिळावा लागतो. आपण ज्या ज्या गोष्टींची मिरवणूक काढतो, त्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना वर्ज्य आहेत.

पहिलं द्राक्ष. पाहुण्याला घड पुढे करावा तसा कुत्र्यालाही दोन मणी टाकावेत, असं मनात येतंच. नका टाकू. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. गंमत म्हणजे एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं आणि दुसरं थोडक्यात आटोपतं, त्यामुळे बरीच वर्षं डॉक्टरही चक्रावले होते. 2021 च्या सुमाराला अमेरिकी पशुवैद्यांचा संशय टार्टरिक आम्लावर गेला. धागा कुठे सापडला? घरी मळलेल्या खेळण्याच्या रंगीत कणकेत. त्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, ती खाल्लेल्या कुत्र्याला नेमका द्राक्षाचाच त्रास झाला. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीजास्त असतं, म्हणून ‘इतकी चालतील’ असा आकडा कुणी देत नाही. आणि टार्टरिक आम्ल आणखी कशात भरपूर? चिंचेत. म्हणजे भेळेची आंबटगोड चटणीही यादीतून बाद.

दुसरा कांदा. शेजारच्या निफाड तालुक्यात लासलगाव, म्हणजे कांद्याची पंढरी. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्या-मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चा, तळलेला, वाळवून पूड केलेला, सगळा सारखाच वाईट. मांजराला तर कुत्र्याहून जास्त बाधतो. वर लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होतं, तोवर ढाब्यावरची ती भजी आपण विसरलेलो असतो. लसूणही त्याच खानदानातला. मिसळीचा रस्सा, भेळभत्ता, पिठलं, ठेचा: हायवेवरच्या आपल्या थाळीत कांदा-लसणाशिवाय काय उरतं ते शोधून बघा. ताक आणि पापड.

तिसरी खास सिन्नरची: विडी. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बायकांनी मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळला, त्यावर घरं चालली, पोरं शिकली. पण तंबाखूतलं निकोटिन जनावराला विषच. चहाच्या टपरीपुढे पडलेली थोटकं हुंगत फिरणाऱ्या पिल्लाला तिथून उचलायचं, मग भले ते केकाटो.

तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू बाजरीवर मात्र कुणाचा आक्षेप नाही. वाघ्याच्या डब्यात भाकरी होती, बिनमिठाची, सोबत उकडलेलं चिकन. कांद्याविना.

मांजराची आणखी एक भानगड. प्रवासात आपण औषधाचा डबा घेतो, त्यात तापाची गोळी असते. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवताच येत नाही. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. दूधही, चित्रात कितीही शोभलं तरी, बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, आणि बंद गाडीत मांजराचं पोट बिघडलं की काय होतं ते मी इथे लिहीत नाही. दुधातली साखर तर वायाच जाते. मांजराच्या जिभेला गोड चवच कळत नाही, ती ओळखणारं जनुक मांजरकुळात बिघडलेलं आहे. वाघालाही पेढा फिकाच.

नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, पण निघायच्या सकाळी तुपाची पोळी नकोच. तीनेक तास आधी पोट हलकं ठेवलेलं बरं. पिल्लांना गाडी जास्त लागते, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून कच्ची असते. वर्षभरात बहुतेकांची सुटका होते. वाघ्या तीन वर्षांचा आहे. चंदनापुरीच्या घाटात तिसऱ्या वळणावर त्याने वयाचा दाखला खोटा पाडला. गाडीत जुने पेपर आणि टॉवेल का ठेवायचे, हे इथे कळतं.

सरकारनेही विचार केलाय

कुत्र्या-मांजरांच्या प्रवासासाठी केंद्र सरकारचे नियम आहेत आणि ते चक्क 1978 चे आहेत. जनावरांच्या वाहतुकीच्या त्या नियमांत दुसरं प्रकरणच कुत्र्या-मांजरांचं. रेल्वे, रस्ता, जलमार्ग, विमान, काहीही असो, प्रकृती ठीक आहे आणि रेबीजसकट कुठला संसर्ग दिसत नाही असा पशुवैद्याचा दाखला सोबत हवा. उन्हाळ्यात दर 4 तासांनी पाणी, हिवाळ्यात दर 6 तासांनी. मोठ्यांना 12 तासांतून एकदा खाणं, पिल्लांना 4 तासांतून एकदा. दिवस भरत आलेल्या मादीला न्यायचं नाही. चावरं जनावर वेगळ्या पिंजऱ्यात, तोंडाला मुसकी आणि वर तशी चिठ्ठी. आणि एका खोक्यात एकाच जातीची जनावरं. वाघ्या आणि मनीला एकत्र न कोंबण्यामागे आमची दूरदृष्टी नसून भारत सरकारची होती, हे मला नंतर कळलं.

दाखल्यासाठी आम्ही गेलो गुरांच्या दवाखान्यात. रांगेत पुढे खोकणारी शेळी, मागे जर्सी कालवड. डॉक्टरांनी मनीच्या पोटाला हात लावला तेव्हा आख्ख्या रांगेने मान वर करून बघितलं. लसीची वही मात्र जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

रेल्वेने जायचं तर नाशिकरोड गाठायचं. कुत्र्याला सोबत बसवायचं असेल तर पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. थ्री टायर, स्लीपर विसरा.

परदेशातल्या लेकराकडे मांजर न्यायचं असेल तर? युरोपात भारतातून जाणाऱ्या जनावराला आधी कातडीखाली 15 आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग 30 दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून आणखी 3 महिने थांबणं. सिन्नर ते पुणे चार-साडेचार तास, सिन्नर ते फ्रँकफर्ट चार महिने.

समृद्धीवर एक नंबर

पुण्याच्या वाटेवर गोंद्याजवळ समृद्धी महामार्ग आपला रस्ता छेदून जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 पासून नागपूर ते आमणे असा पूर्ण खुला आहे. सपाटीला ताशी 120 ची मुभा. पण मनात आलं तिथे गाडी उभी करता येत नाही, आणि कुत्र्याला एक नंबर कधी लागेल हे त्याच्या हाती नसून वाटेतल्या खांबांच्या हाती असतं. समृद्धीवर चढायचं असेल तर आधी गोंद्यालाच त्याचा कार्यक्रम उरकून घ्या.

वेगाचा एक साधा हिशेब. ताशी 50 ने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आत मोकळ्या बसलेल्याला बसणारा दणका साधारण 10 मीटरवरून पडल्याइतका असतो. तिसरा मजला. 120 चा हिशेब करून मी कागद फाडून टाकला. तेव्हा कुत्र्याला छातीवरून जाणारा पट्टा घालून तो सीट बेल्टला अडकवा, गळ्याच्या पट्ट्याला नको. कॅरेटभोवतीही बेल्ट. पुढच्या सीटवर, मांडीवर तर मुळीच नाही.

आणि ऊन. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त तळव्यांना, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. उभ्या गाडीत तासाभरात पारा सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढतो, त्यातला 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासातच, असं अमेरिकेतल्या एका तपासणीत 2005 साली दिसलं. काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघायचं तर पाळ्या लावा. निम्म्यांनी आत जाऊन यादवांची पंचायतन मंदिरं बघावीत, निम्म्यांनी बाहेर झाडाखाली कुत्रं धरून उभं राहावं. बाजीरावाचं जन्मगाव डुबेरे त्या मानाने सोयीचं, वाटेत सावलीला थांबता येतं. नांदूर मधमेश्वरला मात्र वाघ्याला न्यायचाच नाही. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे ते, तिथे पाहुणे म्हणजे पक्षी.

डांबरावर उतरवण्याआधी हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवा. सातपर्यंत आकडे मोजवत नसतील तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

ऊस, अंधार आणि वाघ्या

सिन्नर, अकोले, संगमनेर, जुन्नर. पुण्याच्या वाटेवरचा आणि आसपासचा हा सारा बिबट्याचा मुलूख. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार काढला. वजनाच्या हिशेबाने 39 टक्के कुत्री, 15 टक्के मांजरं. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा 11 टक्के. म्हणजे आमच्या मागच्या सीटवर निम्म्याहून जास्त जेवण बसलेलं होतं.

रात्री उसाच्या कडेला गाडी लावून कुत्र्याला लांब दोरीवर सोडू नये, ते यासाठी. उजेडातला, वर्दळीचा पंप किंवा ढाबा बघावा, दोरी आखूड धरावी. आळेफाट्याच्या अलीकडे आम्ही क्षणभर थांबलो तर नावाने वाघ्या असलेला हा प्राणी नाक वर करून थरथरला आणि स्वतःहून गाडीत चढला. काय हुंगलं त्यालाच ठाऊक. आईने मात्र काच वर केली आणि नारायणगावपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मनीसुद्धा.

शांततेवर उतारा म्हणून गाणी लावली. ग्लासगोच्या संशोधकांनी 2017 साली आश्रयगृहातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवलं, तेव्हा रेगे आणि सॉफ्ट रॉकला ती जास्त निवांत झाली. मांजरांसाठी तर डेव्हिड टी नावाच्या वादकाने वेगळ्या रचनाच केल्यात, दूध पिण्याच्या आणि गुरगुरण्याच्या लयीवर. आमच्या गाडीत आईची अभंगांची पेन ड्राइव्ह होती. दोघंही झोपले. आईचं म्हणणं, यात संशोधन कसलं.

चाकणला वाहतूक नेहमीसारखी तुंबली. तेवढ्या वेळात भाच्याने फ्रान्सच्या फेलिसेतची गोष्ट वाचून दाखवली. 18 ऑक्टोबर 1963 ला अंतराळात जाऊन जिवंत परतलेली मांजरी. सगळा प्रवास पंधरा मिनिटांच्या आत. आम्ही चाकणच्या चौकात त्याहून जास्त वेळ उभे होतो.

पुण्यात पोचलो. वाघ्या ताईच्या घरात शिरला, चार खोल्या हुंगल्या, पंख्याखाली आडवा झाला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. माणसं आहेत ना, मग झालं. मनीची सुतळी सोडली, वरचं कॅरेट उचललं, वाळूची पाटी दाखवली, पाणी ठेवलं. ती बाहेर आली नाही. संध्याकाळी नाही, रात्री नाही. दुसऱ्या दिवशी पाटीकडे जाऊन आली आणि परत कॅरेटमध्ये. सिन्नरहून आलेलं तेवढंच घर तिच्याजवळ होतं.

परतीलाही ती त्यातूनच आली, बोंब न मारता. घरी येऊन आता तीन आठवडे झाले. दार उघडं, ओटा मोकळा, गल्ली समोर. अण्णा दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा कॅरेटमध्ये डोकावून म्हणाले, "राहू दे. नवं घेतो मी."